ताक यांचं टिपण

सहाव्या दिवशीही बे सांग-दोक यांचं पोट मुकंच.
जठराचा दोन तृतीयांश भाग मी काढलेला,
टाके नीट धरलेले, सीटीत गळती नाही,
पोटॅशियम जागेवर.
आणि तरी आतडी रुसून बसलेली,
भिंतीकडे तोंड करून.
स्टेथोस्कोप लावून किती वेळ ऐकलं.
बंद दुकान.

त्यांचंही होतं एक, पॅलिसेड्स पार्कला, ड्रायक्लीनिंगचं;
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉलरी.

मुलगी युन्हे म्हणाली, बाबांचे एक जुने डॉक्टर आहेत,
ब्रॉड अव्हेन्यूला, बेकरीच्या वर. कोरियन वैद्यक.
नाव विचारलं. ताक.
मी हसले, आणि मग कारण सांगावं लागलं:
आमच्याकडे दुधानं तोंड पोळलं की
ते फुंकून पितात.
ती नाही हसली.
फुंका हवं तर, म्हणाली, पण येऊ द्या.

परवानगीच्या फॉर्मवर चौकटी होत्या
फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, धर्मगुरू.
अगदी तळाशी 'इतर'.
खूण करताना पेन दोनदा अडलं.

ताक आले. अठ्ठ्याहत्तरीचे, लोकरी टोपी,
हातात स्टीलचा डबा, जेवणाचा वाटावा असा.
तीन बोटं मनगटावर ठेवली
आणि ठेवलीच.
अकरा मिनिटं. तेवढ्यात माझा
चार खाटांचा राउंड होतो.
मग विचारलं, आदल्या रात्री काय खाल्लं होतं,
पाय कधीपासून गार पडतात,
आणि कुणावर रागावलात.
शेवटच्याचं उत्तर बरंच लांबलं.
युन्हेनं त्याचं भाषांतर केलं नाही.

त्यांना जाळायचा होता दवण्यासारखा कसलासा पाला.
मी म्हटलं, ऑक्सिजन चालू आहे, अलार्म वाजेल,
सगळा मजला खाली उतरवावा लागेल.
त्यांनी मान डोलावली, तळवे एकमेकांवर घासले,
गुडघ्याखाली चार बोटं मोजून
तिथं नुसते टेकवून ठेवले.
मग सुया. केसासारख्या.
माझ्या सुईला दोरा असतो,
तिचा पुरावा मागे उरतो.

रात्री दोन-चाळीसला ओडेट सिस्टरचा फोन:
डॉक्टर, वारा सरला. दोनदा.
मिरजेत सतारमेकर गल्लीतून
कॉलेजला जायचे मी रोज, तारा जुळताना ऐकत.
खोटं कशाला सांगू,
इतकं सुरेल काही कानावर आलं नव्हतं.

केस लिहिली मी माझ्या पद्धतीनं:
सातव्या दिवशी पहाटे आतड्यांची हालचाल पूर्ववत.
उपचाराशी संबंध सिद्ध करता येत नाही.
खरंच आहे ते. सातव्या दिवशी
पुष्कळांची आतडी आपली आपण उठतात.
शितावरून भाताची परीक्षा
स्वयंपाकघरात ठीक.
ताकांनाही हे मान्य होतं. एक माणूस म्हणजे एक माणूस,
असं काहीसं म्हणाले ते, टोपी शोधत.

त्यांचं टिपण महिन्याभरानं आलं,
युन्हेनं भाषांतर करून, निळ्या शाईत.
नाडी: ओल्या फडक्याखाली ताणलेली तार.
जीभ फिकट, कडेला दातांचे ठसे.
बाहेर बर्फ भुरभुरत होतं.
धाकट्या भावाचं नाव घेतलं तेव्हा
पोटावरची कातडी हलली.
(हे मला दिसलं नव्हतं. मी मॉनिटर बघत होते.)

आणि खाली, रेघ मारून, वेगळं:

शस्त्रक्रिया करणाऱ्या बाई. वय पन्नासच्या पुढे.
हस्तांदोलन केलं, हात गार.
दाराशी उभ्या होत्या घड्याळ बघत,
पण गेल्या नाहीत.
नाडी तपासू दिली नाही.
आलं, खजूर, दालचिनी. रात्री फोन लांब ठेवावा.
निदान राखून ठेवलं आहे.

मी कागद घडी करून एप्रनच्या खिशात टाकला.
लिफ्टमध्ये कुणी नव्हतं.
तीन बोटं माझ्याच मनगटावर ठेवून पाहिली,
तार, फडकं, काही लागतं का.

मला फक्त मोजता आलं.
ब्याऐंशी.